उलाळ आणि दाब

चैत्र लागला की आमच्या देवळा तालुक्याच्या शिवारात एकाच वाहनाला दोन कामे हाक मारू लागतात. उन्हाळ कांद्याची काढणी ऐन भरात आलेली असते, पात कापून शेतात ढीग लावलेले असतात, ते चाळीत नेऊन भरायचे किंवा उमराण्याच्या बाजार आवारात लिलावासाठी उभे करायचे तर ट्रॅक्टरमागच्या ट्रॉलीवाचून काम तसूभर पुढे सरकत नाही. आणि नेमक्या त्याच दिवसांत, रामनवमीपासून चैत्री पौर्णिमेपर्यंत चालणाऱ्या सप्तशृंगीच्या उत्सवासाठी खानदेशातून व आमच्या भागातून पायी निघणाऱ्या मंडळींना आपल्या काही दिवसांच्या संसाराचे ओझे वाहून नेण्यासाठी तीच ट्रॉली हवी असते. म्हणून आदल्या सायंकाळपर्यंत कांदा वाहिलेली ट्रॉली दुसऱ्या दिवशी धुऊन, सजवून, छप्पर चढवून चालते घर होते, आणि पौर्णिमा उलटल्यावर ते छप्पर उतरवून पुन्हा कांद्याखाली जाते.

हे रूपांतर मी एकदा सकाळपासून दिवस मावळेपर्यंत एका खळ्यात बसून पाहिले आहे. प्रथम मागचा फाळका उघडून कोपऱ्याकोपऱ्यांत अडकलेले कांद्याचे पापुद्रे खराट्याने ओढून काढले, मग विहिरीवरच्या मोटारीची नळी आणून तळ धुतला, आणि पत्रा उन्हात सुकेपर्यंत कोणी आत पाऊल टाकले नाही. ट्रॉलीच्या चारही कोपऱ्यांना लोखंडी नळीचे वीतभर तुकडे कायमचे वेल्डिंग करून ठेवलेले होते. त्या खोबणींत चार उभे पाइप बसले, त्यांवर तीन कमानी आल्या, आणि कमानींवर ताडपत्री ताणून दोरीने कसली गेली. आत छातीएवढ्या उंचीवर फळ्यांचा माळा घातला. माळ्याखाली पातेली, परात, डाळ-तांदळाची पोती, पिठाचे डबे. माळ्यावर गाद्या, गोधड्या आणि औषधांची पेटी. पुढच्या बाजूस देवीची तसबीर, तिच्यावर झेंडूची माळ, बाजूला बॅटरीवर चालणारे दोन दिवे आणि मोबाईल भारित करण्यासाठी लाकडी पाटीवर बसविलेले सहा सॉकेट. सगळे मनासारखे झाले असे तरुण मंडळींना वाटत असतानाच घरातले वयस्क नाना पुढे आले, दांडीखालच्या जॅकची मूठ त्यांनी दोन फेरे फिरवून पाहिली, क्षणभर थांबले आणि म्हणाले, "पाण्याची टाकी हातभर पुढं घ्या रे. गाडी उलाळ लागतेय."

या प्रकरणात मला जे सांगायचे आहे त्याचे सार नानांच्या त्या एका शब्दात आहे. दुसऱ्याच्या ओढीने चालणाऱ्या वाहनाची मालकी ही नोंदणीच्या दप्तरात सुरू होत असली, तरी ती खरी होते ती वजन ओळखण्याने. आणि ज्याला आपल्या गाडीचे ओझे कोठे बसले आहे हे हाताला कळत नाही, त्याने तिच्यावर कितीही खर्च केला आणि तिला कितीही शृंगारले, तरी ती त्याची झाली असे म्हणता येत नाही.

कायद्याच्या दृष्टीने ट्रॉली हे स्वतंत्र वाहन आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात 'ट्रेलर' या शब्दाची व्याख्या मोटार वाहनाने ओढले जाणारे वाहन अशी केलेली असून अर्धट्रेलर आणि मोटारसायकलला जोडली जाणारी बाजूची गाडी तीतून वगळली आहे. आणि केंद्रीय नियमांत शेतीच्या ट्रेलरची निराळी व्याख्या देऊन, तो मुख्यत्वेकरून शेतमाल वाहण्यासाठी असतो, हे स्पष्ट केले आहे. ट्रॅक्टरला जसा क्रमांक तसा ट्रॉलीलाही क्रमांक घ्यावा लागतो, ही गोष्ट गावोगाव ठाऊक असूनही अनेक ट्रॉल्या क्रमांकावाचून फिरताना दिसतात, आणि अपघात झाला की विम्याच्या दाव्यात हीच उणीव आडवी येते. याविषयी अधिक विस्तार करीत नाही. कागद करून घ्यावेत एवढेच.

उलाळ हा शब्द मात्र विस्तार मागतो. तो कायद्याहून फार जुना आहे आणि बैलगाडीबरोबर आपल्या भाषेत आला आहे. दोन चाकांची गाडी म्हणजे मुळात एक तराजू. कणा हा तिचा काटा, पुढे बैलांच्या मानेवर टेकलेले जू हे एक पारडे आणि साट्याचा मागचा भाग हे दुसरे. ओझे कण्याच्या मागे अधिक गेले की धुरी वर उचलली जाते, जू बैलांच्या मानेवरून सुटू पाहते, जोत गळ्याला आवळते आणि जनावर कासावीस होते. याला उलाळ म्हणतात. उलट ओझे पुढे अधिक आले की त्याचा सारा दाब बैलांच्या खांद्यावर येतो आणि कोस दोन कोसांत मान सुजते. म्हणून गाडी भरणारा जाणता माणूस पहिली पोती कण्यावर टाकी, मग एक पुढे, एक मागे असे करीत जाई, आणि शेवटी धुरी हाताने उचलून पाही. ती सहज उचलली जाऊ नये, पण उचलता येऊ नये इतकी जडही असू नये. किंचित दाब पुढे राहिला पाहिजे. आमच्या आबांनी हे मला शिकविले तेव्हा मी फार लहान होतो, आणि धुरी उचलण्याचे बळ अंगात नसल्यामुळे त्यांनी माझे हात आपल्या हातांखाली ठेवून तो भार जाणवून दिला होता. त्या भाराची आठवण माझ्या तळहातांना अजून आहे.

त्या गाडीची देखभाल हे सबंध गावाचे काम होते. बाभळीच्या लाकडाचा तुंबा, त्यात ठोकलेले आरे, आऱ्यांवर जोडलेल्या पाट्या आणि सर्वांना कवटाळून धरणारी लोखंडी धाव, असे ते चाक सुताराच्या हातून लोहाराच्या हाती जाई. धाव बसविण्याचा दिवस आम्हा मुलांना सणासारखा वाटे. धाव मुद्दाम चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान केलेली असे. जमिनीवर ती आडवी ठेवून तिच्यावर गोवऱ्या रचून जाळ करीत, लोखंड तापून लालसर झाले की ते प्रसरण पावे, मग तिघेचौघे सांडशांनी ती उचलून चाकावर बसवीत, लाकूड धुरकटे, घणाचे घाव पडत, आणि लागलीच घागरीमागून घागरी पाणी ओतले जाई. थंड होताना लोखंड आकुंचन पावे आणि साऱ्या सांध्यांना असे घट्ट दाबून धरी की कित्येक वर्षे त्यात खिळ्याची गरज पडत नसे. उष्णतेने धातू वाढतो हा पदार्थविज्ञानाचा पाठ मी पुढे शाळेत वाचला, तेव्हा तो मला नवा नव्हता. पुढे रबरी टायरच्या बैलगाड्या आल्या. विठेवाडीच्या वसंतदादा पाटील सहकारी साखर कारखान्यासारख्या कारखान्यांच्या परिसरात ऊसतोडीच्या हंगामात ज्या टायरगाड्या दिसतात, त्यांच्यावर ऊस येण्याआधी, गाव सोडताना, एका कुटुंबाचा सारा प्रपंच लादलेला असतो: भांडी, धान्य, कोपीचे बांबू, लहान मुले आणि खुराड्यातल्या कोंबड्याही. प्रवासी घराचा विचार करताना या गाड्यांना विसरणे मला अन्यायाचे वाटते.

चाकांवरचे घर ही कल्पना आपल्याकडे परदेशातून आली, असा एक समज आहे. तो खरा नाही. आपल्या मुलखात घिसाडी किंवा गाडीलोहार म्हणून ओळखला जाणारा समाज पिढ्यान्पिढ्या गाडीतच जन्मला, गाडीतच नांदला आणि गाडीच्या सावलीतच भाता लावून त्याने कुळवाच्या फाशी व विळे शेवटून दिले. १५६८ मध्ये चितोड पडल्यानंतर, गड पुन्हा स्वतंत्र होईतो घरात राहणार नाही अशी प्रतिज्ञा पूर्वजांनी केली, असे त्यांची परंपरा सांगते. आणि १९५५ मध्ये पंडित नेहरूंच्या उपस्थितीत या समाजाचा चितोडगडावर समारंभपूर्वक पुनःप्रवेश घडवून आणला गेला, ही इतिहासातील नोंद आहे. त्यांच्या गाडीत प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली असते, कारण ती जागा चुकली तर गाडी उलाळ होते. सोय आणि समतोल ही त्या गाडीत एकच गोष्ट असते.

इंग्लंडात हौसेसाठी असे घर बांधून घेणारा प्रसिद्ध पुरुष म्हणजे डॉ. गॉर्डन स्टेबल्स, आरमारातून निवृत्त झालेला शल्यवैद्य आणि मुलांसाठी साहसकथा लिहिणारा लेखक. १८८५ मध्ये त्याने ब्रिस्टल येथील कारखान्याकडून 'वाँडरर' नावाची गाडी बनवून घेतली आणि दोन घोडे जुंपून तो दक्षिण इंग्लंडातून थेट स्कॉटलंडपर्यंत गेला. अमेरिकेत मोटारीचा प्रसार झाल्यावर या घराला घोड्याऐवजी मोटार जोडली गेली, आणि वॉली बायम या गृहस्थाने १९३१ मध्ये एअरस्ट्रीम नावाने कारखाना काढून १९३६ मध्ये 'क्लिपर' हे ॲल्युमिनियमचे, रिबिटांनी जोडलेले, विमानाच्या देहासारखे गोलसर घर बाजारात आणले. वजन कमी, वाऱ्याचा अडथळा कमी, आणि गंजण्याची भीती नाही, हे त्याचे तीन गुण. त्याच कारखान्याच्या गाडीच्या सांगाड्यात फेरफार करून १९६९ मध्ये चंद्रावरून परतलेल्या तिघा अंतराळवीरांना विलगीकरणात ठेवण्याची तजवीज करण्यात आली होती. १९५९ मध्ये खुद्द बायम केपटाऊनपासून कैरोपर्यंत अशा घरांचा तांडा घेऊन निघाला, हेही येथे नमूद करण्याजोगे आहे.

अमेरिकेत प्रवासी ट्रेलरच्या मालकाला पहिला धडा कोणता देतात? ट्रेलरच्या एकूण वजनापैकी शेकडा १० ते १५ इतका भार पुढच्या जोडावर पडला पाहिजे. त्याहून कमी पडला तर वेगात गाडीचे शेपूट डावी-उजवीकडे झोकांड्या खाऊ लागते, आणि एकदा ते झुलणे वाढीला लागले की पुढची मोटारही चालकाच्या ताब्यात राहत नाही. त्याहून पुष्कळ अधिक पडला तर मोटारीचा मागचा भाग दबून पुढची चाके हलकी होतात आणि सुकाणू नीट लागू होत नाही. हे प्रमाण वाचले तेव्हा मला आबांच्या हातांखालचे माझे हात आठवले. त्यांनी शेकडेवारी कधी मांडली नव्हती, पण किंचित दाब पुढे ठेवण्याचा त्यांचा नियम तोच होता.

आपल्या शेतकऱ्याला हे प्रमाण आकड्यांत काढण्याची सोय हाताशीच आहे. कांदा विकणारा प्रत्येक माणूस वर्षातून कित्येकदा भुईकाट्यावर उभा राहतो. लिलाव होतो, व्यापारी ट्रॉलीवर चढून वरचा माल हाताळतो, बोली ठरते, भरली गाडी काट्यावर चढते, मग व्यापाऱ्याच्या खळ्यावर माल रिकामा होतो, तेथे खालचा माल वरच्याहून निराळा निघाला तर वांधा उभा राहतो, आणि अखेर रिकामी गाडी पुन्हा काट्यावर येते. दोन आकड्यांची वजाबाकी म्हणजे कांद्याचे वजन. पण त्यांतला रिकाम्या गाडीचा आकडा चिठ्ठीवर छापून येतो आणि बहुतेक जण ती चिठ्ठी पैसे हातात पडले की टाकून देतात. ती जपावी. याहूनही एक पाऊल पुढे जावे: यात्रेसाठी ट्रॉली भरून झाली की काटेवाल्याला विनंती करून प्रथम ट्रॅक्टर व ट्रॉली दोन्ही एकत्र, मग ट्रॉली सोडून एकटा ट्रॅक्टर, आणि शेवटी ट्रॅक्टर काट्याबाहेर ठेवून जोडलेल्या ट्रॉलीची फक्त चाके, असे तीन आकडे घ्यावेत. पहिल्यातून दुसरा वजा केला की ट्रॉलीचे पूर्ण वजन मिळते; त्यातून तिसरा वजा केला की दांडीवरचा दाब मिळतो. समजा, ट्रॉलीचे पूर्ण वजन २,५०० किलो भरले आणि चाकांवर २,२०० किलो आले, तर दांडीवर ३०० किलो, म्हणजे शेकडा १२ दाब आहे आणि गाडी नीट भरली आहे. पंधरा मिनिटांचे हे काम. ते करून निघालेली ट्रॉली आणि अंदाजाने निघालेली ट्रॉली यांतला फरक पहिल्याच उताराला कळतो.

पाण्याची टाकी नानांनी पुढे घ्यायला लावली, त्याचे कारण आता वाचकाच्या ध्यानात येईल. ५०० लिटरची टाकी भरली म्हणजे ५०० किलो झाले, आणि संसाराच्या साऱ्या सामानात याहून जड एकच वस्तू नसते. ती कण्याच्या थोडी पुढे, तळाला टेकून आणि दोरीने नव्हे तर पट्टीने आवळून ठेवावी. अर्धी भरलेली टाकी पूर्ण भरलेल्या टाकीहून वाईट, कारण वळणावर पाणी एका अंगाला धावते आणि गाडीचा तोल त्याच्यामागे धावतो. म्हणून मुक्काम सोडताना टाकी एकतर काठोकाठ भरावी, नाहीतर पूर्ण रिती करावी. जड ते खाली, हलके ते वर, हा नियम माळ्यालाही लागू आहे. काही हौशी मंडळी माळ्यावर जनित्र चढवितात आणि कमानींच्याही वर ध्वनिक्षेपकांची रास उभी करतात. गाडीचा गुरुत्वमध्य असा उंच गेला की रस्त्याच्या कडेचा एक साधा खड्डा तिला आडवी करायला पुरतो. ताडपत्रीसुद्धा बेताची उंच असावी. आमच्याकडे चैत्रात दुपारनंतर वारा सुटतो, आणि उंच ताणलेली ताडपत्री त्या वेळी शिडाचे काम करते. स्वयंपाक ट्रॉलीत करू नये, शेगडी व सिलिंडर खाली उतरवून शेगडी मोकळ्या जागेत पेटवावी, हे सांगण्याची वेळ यावी याचेच वाईट वाटते, पण ताडपत्रीखाली चहा उकळताना मी पाहिले आहे.

देखभालीच्या बाबतीत माझी स्वतःची एक चूक सांगतो. एके वर्षी कांदा भरून आम्ही भावडबारीचा घाट उतरून चांदवडच्या बाजूला निघालो होतो. निघण्यापूर्वी मी टायरांची हवा पाहिली, पिनेची क्लिप पाहिली, दिवा पाहिला. चाकाच्या हबाकडे पाहिले नाही, कारण महिन्यापूर्वीच एका कार्यशाळेत नवे बेअरिंग टाकून घेतले होते आणि कारागिराने ग्रीस भरल्याचे सांगितले होते. घाटाच्या अलीकडे मागून आलेल्या मोटारसायकलस्वाराने हात करून थांबविले. डाव्या हबातून धूर येत होता. चाक उघडले तेव्हा बेअरिंगच्या रोळांवर निळी झाक चढली होती. ग्रीस होते ते बाहेरच्या टोपीत, आत नव्हतेच. तो दिवस, तो लिलाव आणि त्या दिवसाचा भाव, सारेच हुकले. पण घाटाच्या मध्यावर चाक निखळले असते तर काय झाले असते याचा विचार केल्यावर त्या मोटारसायकलस्वाराचे उपकार मला आजही फेडता येण्याजोगे वाटत नाहीत. तेव्हापासून मी एक सवय लावून घेतली आहे: निघाल्यावर पहिल्या पाच-सहा किलोमीटरांवर थांबायचे, खाली उतरायचे आणि प्रत्येक हबावर तळहात ठेवायचा. कोमट लागले तर ठीक. हात ठेववत नसेल इतके तापले असेल, तर तेथून एक फूटही पुढे जायचे नाही.

पूर्वीच्या गाडीवानाच्या साट्याखाली वंगणाचा नळा लोंबत असे, आणि कणा कुरकुरू लागला की तो मुक्कामाची वाट न पाहता चाक सैल करून वंगण घाली. बैलगाडी आपली व्यथा बोलून दाखवी. ट्रॉलीचे बेअरिंग बंद टोपीत असते आणि ट्रॅक्टरच्या आवाजात त्याचा आवाज ऐकू येत नाही, म्हणून तेथे कानाऐवजी हाताने विचारपूस करावी लागते. वर्षातून निदान एकदा, शक्यतो पावसाळा संपल्यावर, हब उघडून जुने ग्रीस रॉकेलने धुवावे, रोळ व कडी उजेडात फिरवून पाहावीत आणि नवे ग्रीस बोटाने रोळांच्या मध्ये दाबून भरावे. स्प्रिंगच्या पाट्यांचे बोल्ट आवळावेत. पाट्यांपैकी एखादा पाटा तडकला असेल तर गाडी एका अंगाला किंचित झुकते, आणि ती झुकलेली गाडी सपाट जागेवर मागे उभे राहून पाहिल्यास चटकन कळते. दांडीचे वेल्डिंग हे सर्वांत दुर्लक्षित अंग. दांडी जेथे सांगाड्याला मिळते तेथे रंग खरवडून पाहावा, कारण केसाएवढी चीर रंगाखाली वर्षभर लपून राहू शकते.

गंजाविषयी दोन शब्द. कांद्यापेक्षा खत ट्रॉलीला अधिक खाते. युरिया किंवा अन्य क्षारयुक्त खताचे सांडलेले दाणे हवेतला ओलावा ओढून घेतात आणि पत्र्याच्या सांध्यांत बसून लोखंड पोखरतात. म्हणून खत वाहिल्यावर ट्रॉली त्याच दिवशी धुवावी, वाळवावी, आणि पावसाळ्यात उभी करताना पुढची दांडी जॅकवर थोडी उंच घेऊन फाळका किंचित उघडा ठेवावा म्हणजे पाणी साचत नाही. रंग देताना आधी तारेच्या ब्रशाने गंज काढून रेड ऑक्साईडचा हात द्यावा, मगच वरचा रंग. नुसता वरचा रंग हा गंजावर घातलेला पडदा होय. दसऱ्याला आम्ही अवजारांबरोबर ट्रॉलीही धुऊन तिला झेंडूची माळ घालतो; त्या दिवशी पूजेपूर्वीचा एक तास या तपासणीला दिला, तर पूजेला अर्थ येतो असे मला मनापासून वाटते.

आता घाटाकडे येऊ. बहुतेक शेतीच्या ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो; मागचे सारे ओझे एकट्या ट्रॅक्टरने थोपवावयाचे असते. उताराला लागण्यापूर्वीच खालचा गिअर टाकून इंजिनाच्या आधाराने उतरावे, आणि डिझेल वाचविण्याच्या मोहाने गाडी न्यूट्रलवर कधीही सोडू नये. ट्रॅक्टरला डाव्या व उजव्या मागच्या चाकासाठी दोन स्वतंत्र ब्रेक असतात, ते शेतात चटकन वळण्यासाठी; रस्त्यावर येताना त्या दोन पायट्या खिटीने एकत्र जोडल्या नाहीत आणि वेगात एकाच पायटीवर पाय पडला, तर ट्रॅक्टर जागच्या जागी एका अंगाला फिरतो आणि मागची ट्रॉली त्याला ढकलत पालथी पाडते. चढाला निराळा धोका आहे. ओढीचा जोड ट्रॅक्टरच्या मागच्या आसाच्या खाली असला पाहिजे. तो आसापेक्षा उंच जागी साखळीने वा अन्य युक्तीने बांधला, तर ओझे मागे खेचताना ट्रॅक्टरचे पुढचे तोंड उचलले जाते आणि सारे यंत्र चालकाच्या अंगावर उलटते. आणि जर ट्रॉली उलाळ असेल, तर चढावर ती दांडी वर ढकलते, ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवरचा भार काढून घेते, चाके जागीच फिरू लागतात. बैलांच्या मानेवरून सुटू पाहणारे ते जू आणि चढावर पकड सोडणारे हे चाक यांत मला अंतर दिसत नाही.

राज्य शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारले, आणि त्यानुसार प्रवासी घरांना व त्यांच्या तळांना उत्तेजन देण्याची तरतूद झाली, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. परंतु ज्या जिल्ह्यात दरवर्षी चैत्रात शेकडो ट्रॉल्या घरे होऊन रस्त्यावर येतात, त्या जिल्ह्यात या घरांसाठी पिण्याचे पाणी, शौचालय आणि रात्री उभे राहण्याची उजेडाची जागा यांचा बंदोबस्त वाटेवरच्या गावांनीच स्वखुशीने करीत राहावे, हे पुरेसे नाही. १९९९ साली कळवणपासून वेगळा होऊन स्वतंत्र तालुका झालेल्या देवळ्याच्या हद्दीतून या वाटेचा मोठा भाग जातो; वाटेवरील लोक ताक, सरबत, पाणी, फराळ घेऊन उभे असतात, आणि सप्तशृंगीला खानदेशची माहेरवाशीण मानणाऱ्या पदयात्रींचे स्वागत ते घरच्या पाहुण्यासारखे करतात. पण रात्री रस्त्याकडेला उभ्या केलेल्या ट्रॉलीला पाहुणचार वाचवू शकत नाही. तिला मागे लाल परावर्तक पट्टी हवी, चालू दिवा हवा, आणि ती डांबराच्या कडेपासून पुरेशी आत घेतलेली हवी.

आणि एक गोष्ट हात जोडून. ट्रॉली सामानासाठी आहे. चालून थकलेल्या म्हाताऱ्या आईला माळ्यावर झोपवावे, लहानग्याला गादीवर बसवावे, हा मोह किती मायेचा आहे हे मला ठाऊक आहे. पण ट्रॉलीला बसणाऱ्यांसाठी आधार नाही, तिला स्वतःचा ब्रेक नाही, आणि ती उलटते तेव्हा आतल्या माणसांवर पातेली, पोती आणि टाकी एकदम येतात. माणसांच्या वाहतुकीची परवानगी तिला कायद्याने नाही. थकलेल्यांसाठी सोबत एखादी जीप घ्यावी, नाहीतर एस.टी.ने पुढच्या मुक्कामावर पाठवावे. नवस देवीपर्यंत चालून जाण्याचा असतो, ट्रॉलीवर बसून जाण्याचा नव्हे.

त्या दिवशी नानांनी टाकी पुढे घ्यायला लावल्यावर पुन्हा जॅकची मूठ फिरवून पाहिली, मान डोलावली आणि मगच ट्रॅक्टर मागे घ्यायला सांगितले. दांडी हुकात बसली, पिन खाली गेली, क्लिप लागली, आणि साखळीची कडी एका मुलाने दोनदा ओढून पाहिली. पहाटे चार वाजता मंडळी कळवणच्या रस्त्याला लागली. ट्रॉली नांदुरीपर्यंत जाते. यात्राकाळात पुढचा सुमारे १० किलोमीटरांचा घाट खाजगी वाहनांना बंद असतो, म्हणून ती तेथेच पायथ्याशी उभी राहते आणि माणसे गडावर जाऊन परत येईतो तिची चाके दगड लावून अडवून ठेवलेली असतात.